नगरच्या मिशन बंगल्यातील उतारवय : साहेब, मडमसाहेब आणि त्यांचा दिवस

आपल्या पत्रातील प्रश्न असे आहेत. आपले पणजोबा विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात अहमदनगरच्या (आजच्या अहिल्यानगरच्या) अमेरिकन मिशनच्या आवारात वाढले. घरातल्या मोठ्यांच्या बोलण्यात ‘म्हातारे साहेब आणि मडमसाहेब’ सतत येत असत. परंतु हे जोडपे दिवसभर नेमके काय करीत असे, मडमसाहेबांना स्वतःचा पगार होता की नाही, आणि साठी उलटल्यावरही ती दोघे मायदेशी का गेली नाहीत, हे घरात कोणालाच सांगता येत नाही. मराठी मिशनचे (म्हणजे याच अमेरिकन मिशनच्या मराठी मुलखातील शाखेचे) वार्षिक अहवाल, मिशनऱ्यांची पत्रे आणि मंडळ्यांच्या, म्हणजे स्थानिक चर्चच्या, नोंदवह्या वाचणे हेच माझे अनेक वर्षांचे काम असल्यामुळे या तिन्ही प्रश्नांवर काही खात्रीने लिहिता येईल.

मुख्य गोष्ट आधी सांगतो. उतारवयात मिशनरी जोडप्याचे काम कमी होत नसे. ते तंबूतून उठून व्हरांड्यात येत असे. तरुणपणी साहेब गावोगाव दौऱ्यावर आणि मडम घरी, अशी विभागणी असे. गुडघे आणि डोळे थकले की साहेबांचे फिरणे आटोपते होई, माणसेच बंगल्यावर येऊ लागत, आणि एकदा काम घरात शिरले म्हणजे ज्या बाईने ते घर तीस-चाळीस वर्षे चालवलेले असे तिच्याकडेच त्याचा मोठा वाटा जाई. अहवालांवर साहेबांची सही असते, म्हणून वाचणाऱ्याचा समज उलटा होतो.

हे जोडपे कोण असावे, हे आपल्या पत्रावरून ठरवता येत नाही आणि मी तसा तर्कही करणार नाही. त्या काळी नगरमध्ये उतारवयाकडे झुकलेली एकाहून अधिक मिशनरी माणसे होती. मात्र सार्वजनिक नोंदींत ज्यांची माहिती सर्वांत भरपूर आहे असे जोडपे म्हणजे डॉ. रॉबर्ट अ‍ॅलन ह्यूम आणि त्यांच्या पत्नी केटी, आणि त्यांच्या आधारे त्या पिढीचे जीवन समजावून सांगणे सोपे जाते. परदेशी मिशनरी पाठवणाऱ्या बोस्टनच्या अमेरिकन बोर्ड या संस्थेचे पहिले मिशनरी गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट १८१३ मध्ये मुंबईस उतरले आणि १८३१ मध्ये नगरला ठाणे, म्हणजे मिशनचे केंद्र, उघडले गेले. म्हणजे आपल्या पणजोबांच्या बालपणी हे मिशन जवळजवळ शंभर वर्षांचे झाले होते आणि त्यातील कित्येक मिशनरी मिशनऱ्यांचीच मुले होती. ह्यूमसाहेब १८४७ मध्ये मुंबईत जन्मले. केटीबाई या वडाळ्याच्या सॅम्युएल फेअरबँक यांच्या कन्या. हे फेअरबँक म्हणजे १८४६ मध्ये आलेले, नेवासे तालुक्यातील वडाळ्याला बस्तान बसवलेले आणि धर्मोपदेशाइतक्याच गोडीने दख्खनच्या पक्ष्यांच्या याद्या करणारे गृहस्थ. तमिळनाडूतील पळणीच्या डोंगरातील एका पक्ष्याच्या शास्त्रीय नावात त्यांचे नाव आजही आहे. ह्यूमसाहेबांची पहिली पत्नी अ‍ॅबी १८८१ मध्ये वारली आणि १८८७ मध्ये त्यांनी केटीबाईंशी विवाह केला. १८७४ मध्ये कामावर रुजू झालेले ह्यूमसाहेब निवृत्त झाले ते १९२६ मध्ये, वयाच्या एकोणऐंशीव्या वर्षी. त्यामुळे ‘म्हातारे साहेब’ ही त्या आवारातील नेहमीची, बरीच वर्षे टिकणारी व्यक्ती होती, यात नवल नाही.

आता दिवस कसा जाई ते पाहू. पुढे जे लिहितो ते कोणा एका कुटुंबाच्या रोजनिशीतले पान नाही. त्या काळच्या नगर, शिरूर, राहुरी, वडाळा अशा ठाण्यांवरील पत्रांतून आणि अहवालांतून जो सर्वसाधारण क्रम दिसतो तो आहे. दिवस उन्हाच्या भीतीने आखलेला असे. तांबडे फुटताच उठणे, चहा आणि टोस्ट एवढीच ‘छोटी हाजरी’, आणि ऊन चढण्याआधी बाहेरचे काम उरकणे. तरुण मिशनरी या वेळी घोड्यावर किंवा पुढे सायकलीवर जवळच्या वाडीला जाऊन येई. वयस्क साहेब आवारातच फेरी मारीत. बोर्डिंगच्या मुलांची झाडलोट झाली का, विहिरीचे पाणी किती खाली गेले, सुताराने बाक दुरुस्त केले का, हे पाहणे म्हणजे व्यायाम आणि देखरेख एकदमच होई. त्या वेळी मडमसाहेब कोठीघरात असत. मुलींच्या बोर्डिंगची बाजरी, डाळ आणि तेल मोजून देणे हे काम एखाद्या मेट्रनकडे सोपवलेले असले तरी किल्ल्या बहुतेक ठिकाणी मडमसाहेबांच्या कमरेला राहत. नंतर घरातील प्रार्थना. ती मराठीत होई, कारण स्वयंपाकी, माळी, आया आणि त्यांची मुलेही तिला बसत. जुने मिशनरी हेन्री बॅलंटाईन यांच्या पिढीने रचलेली जुनी गीते आणि नारायण वामन टिळकांची नवी पदे, दोन्ही त्या घरांत गायली जात.

आठ-साडेआठपासून व्हरांडा भरू लागे, आणि या व्हरांड्याविषयी मी थोडे सविस्तर लिहितो, कारण आपल्या पहिल्या प्रश्नाचे खरे उत्तर तेथे आहे. अहवालात त्याला एखादे वाक्य मिळते: ‘भेटीस येणाऱ्यांत बराच वेळ गेला.’ प्रत्यक्षात हे रोजचे दोन-अडीच तासांचे काम असे. कोणाला मुलाला रेल्वेत चिकटवायचे असे, त्यासाठी साहेबांची चिठ्ठी हवी. कोणाचे शेत सावकाराकडे गहाण पडलेले असे आणि कागद वाचून दाखवणारा माणूस हवा असे. एखाद्या खेड्यातील शाळामास्तर पाटलाशी बिनसल्याची तक्रार घेऊन येई. महाराच्या किंवा मांगाच्या मुलाला चावडीजवळून जाऊ देत नाहीत, ही तक्रार तर वर्षानुवर्षे तीच. नवराबायकोचे भांडण, विधवेच्या मुलीचे लग्न, ताप उतरत नसलेले पोर, कापूरहोळहून चालत आलेला आणि आपण कोणाचे कोण हे सांगण्यातच अर्धा तास घालवणारा लांबचा नातेवाईक, हे सर्व तेथे येई. वयस्क जोडप्याला या माणसांच्या दोन पिढ्या माहीत असत. ‘तुझ्या आज्यानेही असेच कर्ज काढले होते’ असे म्हणू शकणारा माणूस बदली होऊन आलेल्या तरुण मिशनऱ्याहून वेगळा ठरणारच. चिठ्ठीचे वजनही त्यातूनच येई, कारण लिहिणारा कोणासाठी शब्द टाकतो आणि कोणासाठी टाकत नाही, हे कलेक्टर कचेरीपासून दवाखान्यापर्यंत सर्वांना ठाऊक असे.

या व्हरांड्याचे एक टोक मडमसाहेबांचे असे. बायका साहेबांपुढे बोलत नसत. त्या मागच्या बाजूने येत, आणि निम्म्याहून अधिक गाऱ्हाण्यांची खरी हकीकत तेथेच कळे. किनाईन, एरंडेल, डोळ्यांत घालण्याचे औषध, खरजेचे मलम अशी लहानशी पेटी जवळजवळ प्रत्येक मिशन बंगल्यात होती आणि ती मडमसाहेबांच्या ताब्यात असे. नगरमध्ये मिशनचा स्त्रियांसाठी दवाखाना झाल्यावर आणि तेथे ह्यूमसाहेबांच्या कन्या डॉ. रूथ ह्यूम यांच्यासारख्या शिकलेल्या स्त्री-डॉक्टर काम करू लागल्यावर या पेटीचे महत्त्व शहरात कमी झाले, खेड्याच्या ठाण्यांवर मात्र ते टिकले. गरीब बाया मडमसाहेबांकडे पैसेही ठेवायला देत. सावकाराच्या आणि नवऱ्याच्या, दोघांच्याही हाती न लागणारी ती एक जागा होती, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

अकराच्या सुमारास जेवण होई आणि मग उन्हाची वेळ बंद दारांआड जाई. तरुण माणसे या वेळी अभ्यास करीत. वयस्क माणसे थोडी झोप घेऊन पत्रे लिहीत. पत्रव्यवहार हे उतारवयातील सर्वांत जड काम होते, आणि आजच्या वाचकाला त्याची कल्पना सहसा येत नाही. बोर्डाकडून येणारी रक्कम मिशनऱ्यांचा निर्वाह आणि ठरलेला खर्च भागवण्यापुरती असे. बोर्डिंगमधील मुलामुलींचा खर्च, खेड्यातील मास्तरांचे पगार, विहीर, छप्पर, दुष्काळातील धान्य यांतील बराचसा भाग अमेरिकेतील लहानलहान मंडळ्यांच्या, स्त्रियांच्या संघांच्या आणि रविवारच्या शाळांच्या देणग्यांवर चाले. एखादा संघ एका मुलीचा वर्षाचा खर्च उचली आणि त्या बदल्यात तिची हकीकत कळावी अशी त्याची अपेक्षा असे. त्यामुळे आठवड्याच्या विलायती डाकेआधीचा दिवस म्हणजे टेबलावर कागदांचा ढीग. मुंबईहून बोटीने गेलेले पत्र अमेरिकेत पोहोचून त्याचे उत्तर येईपर्यंत दोन महिने सहज जात. १८७८ मध्ये दौंड–मनमाड लोहमार्ग नगरवरून गेल्यापासून मुंबई तरी जवळ आली होती. त्याआधीच्या पिढीला पुण्याहून बैलगाडीची वाट पाहावी लागे. ही देणगीदारांची पत्रे बहुतांशी मडमसाहेब लिहीत. साहेब बोर्डाच्या चिटणिसाशी धोरणावर वाद घालीत, आणि मडमसाहेब ओहायोतल्या किंवा कनेक्टिकटमधल्या एखाद्या रविवारच्या शाळेला राहुरीच्या मुलीने पहिली चोळी कशी शिवली ते कळवीत. कोणत्या पत्राने जास्त पैसे आले, हे जमाखर्च पाहिला तर लगेच समजते.

दुपारी चारनंतर पुन्हा कामाला सुरुवात होई. मडमसाहेबांचा या वेळचा वर्ग बायबलबायांचा असे. या बहुधा विधवा किंवा प्रौढ स्त्रिया. त्या शहरातील आणि खेड्यांतील घराघरांत जाऊन वाचून दाखवीत, अक्षरे शिकवीत, गीते म्हणत. आदल्या आठवड्यात कोण कोठे गेली, कोणत्या घरात दार उघडले, कोठे सासूने हाकलून दिले, याची हजेरी घेतली जाई आणि पुढच्या आठवड्याचा धडा दिला जाई. या कामाची नगरमधील परंपरा जुनी होती. १८५१ मध्ये आलेल्या बिसेल दांपत्यापैकी लेम्युएल बिसेल १८९१ मध्ये महाबळेश्वरला वारले, त्यानंतरही मेरी बिसेल येथेच राहिल्या आणि स्त्रियांना शिकवण्याचे काम त्यांनी चालू ठेवले. त्यांच्या कन्या ज्युलिया बिसेल याच ठिकाणी डॉक्टर म्हणून काम करू लागल्या. पती गेल्यावर मिशनरी बाई परत जाते, असा आपला समज असतो. नगरचा अनुभव तसा नाही. उलट पत्नी आधी गेलेला वृद्ध मिशनरी अधिक असहाय दिसतो. तो बहुधा एखाद्या मुलीच्या किंवा सुनेच्या आधाराने राहतो आणि त्याच्या ठाण्यावरील व्हरांडा लवकरच ओस पडतो.

आता आपला दुसरा प्रश्न, पगाराचा. मडमसाहेबांना स्वतंत्र पगार नव्हता. जोडप्याला मिळून एक निर्वाहभत्ता असे, मुलांसाठी त्यात काही भर पडे, आणि राहायला बंगला मिशनचा असे. एकोणिसाव्या शतकातील बोर्डाच्या याद्यांत तर पत्नीचा हुद्दा ‘सहायक मिशनरी’ असा छापला जाई, मग तिने शाळा चालवलेली असो वा नसो. याच्या उलट अविवाहित स्त्रियांची स्थिती पाहा. सिंथिया फॅरार १८२७ मध्ये मुंबईस आल्या, पुढे नगरला मुलींच्या शाळा चालवल्या आणि १८६२ मध्ये त्यांचे निधन झाले. सावित्रीबाई फुले यांनी अध्यापनाचे शिक्षण ज्यांच्याकडे घेतले त्याच या फॅरारबाई. १८६८ मध्ये बोस्टनला स्त्रियांचे स्वतंत्र मिशन बोर्ड स्थापन झाल्यावर अशा ‘मिससाहेबां’ना त्या बोर्डाकडून स्वतःच्या नावाने वेतन मिळू लागले, त्यांचे स्वतंत्र अहवाल छापले जाऊ लागले. त्यामुळे विचित्र गोष्ट अशी झाली की कालपरवा आलेल्या तरुण मिससाहेबांचे काम आज आपल्याला तपशीलवार वाचायला मिळते आणि त्यांना मराठी बोलायला, बाजारहाट करायला, माणसे ओळखायला शिकवणाऱ्या वृद्ध मडमसाहेबांचे काम पतीच्या अहवालातील एका परिच्छेदात संपते. मी स्वतः या नोंदी वाचताना पतीच्या अहवालाच्या आधी स्त्रियांच्या बोर्डाच्या मासिकात छापलेली पत्रे वाचतो, कारण विवाहित बाईने लिहिलेले जे थोडे छापले गेले ते बहुधा तेथे सापडते.

राहणीविषयीही स्पष्ट लिहिले पाहिजे. ही माणसे आपल्या देशातील श्रीमंतांत मोडत नव्हती, पण नगरमध्ये मात्र त्यांची राहणी साहेबाचीच होती. उंच छताचा बंगला, स्वयंपाकी, पाणक्या, माळी, धोबी, पूर्वी घोड्याचा मोतद्दार, असा संसार त्यांच्या पत्रांत संकोचाने का होईना पण येतोच. त्याची कारणे ते देत: पाणी उकळून गाळून घ्यावे लागते, पीठ घरी दळवून घ्यावे लागते, स्वतः चुलीशी बसले तर शाळेला वेळ उरत नाही. ही कारणे खोटी नाहीत. तरी ज्या माणसांपुढे त्यागाचा उपदेश करायचा त्यांच्या आणि या बंगल्याच्या राहणीत जे अंतर होते, ते त्या काळच्या ख्रिस्ती मराठी माणसांना दिसत होते आणि खुपतही होते.

हिवाळ्यातील दौरा हा या जीवनाचा दुसरा भाग. पावसाळा संपून सुगी झाली की तंबू, कंदील, औषधाची पेटी, पुस्तकांची खोकी गाड्यांवर लादून जोडपे महिना-दीड महिना गावोगाव फिरे. संध्याकाळी जादूच्या दिव्याने चित्रे दाखवली जात, मराठी ख्रिस्ती मंडळींनी बसवलेली कीर्तने होत, सकाळी शाळांची तपासणी होई. साठीनंतर हे फिरणे आखडते. मुक्काम कमी आणि लांब होतात, तंबूऐवजी धर्मशाळा किंवा शाळेची खोली पसंत केली जाते, आणि दौऱ्याचे स्वरूपच बदलते: नव्या गावात उपदेश करण्याऐवजी जुन्या मंडळ्यांना भेट. मास्तर लोक आधी महिन्याच्या पगाराला ठाण्यावर येतच, पण वृद्ध साहेबांच्या भेटीला ते बायकामुलांसह येत. तेथे लग्ने ठरत, बाप्तिस्मे होत, रुसवे मिटत. धर्मकार्य म्हणून याची गणना करणे अहवाल लिहिणाऱ्याला अवघड जात असावे. आकड्यांत ते बसत नाही.

उन्हाळ्यात महाबळेश्वर. मिशनऱ्यांनी तेथे फार लवकर घरे केली होती. अ‍ॅलन ग्रेव्ह्ज हे मिशनरी प्रकृतीमुळे तेथेच राहून बायबलच्या मराठी भाषांतराचे काम करीत असत आणि १८४३ मध्ये तेथेच वारले. एप्रिल-मेचे हे आठवडे म्हणजे निव्वळ सुट्टी नव्हती. मराठी मिशनच्या निरनिराळ्या ठाण्यांची माणसे तेथे एकत्र येत, बैठका होत, नव्याने आलेले तरुण मराठीच्या परीक्षेची तयारी करीत आणि त्यांना शिकवायला शास्त्रीबुवांच्या जोडीला ही वयस्क मंडळी असत. पावसाला सुरुवात होण्याआधी खाली उतरावेच लागे, कारण तेथल्या पावसात गवती झडी लावलेल्या घरांत राहणे वृद्धांना मानवण्यासारखे नव्हते.

मग ही माणसे परत का जात नसत? पहिले कारण अगदी साधे आहे: परत जाण्याची जागा त्यांना उरलेली नसे. ह्यूमसाहेबांचे वडील रॉबर्ट विल्सन ह्यूम १८५४ मध्ये मायदेशी निघाले आणि वाटेत समुद्रातच वारले. आईने मुलांना घेऊन अमेरिकेत दिवस काढले. मुलगा सत्ताविसाव्या वर्षी मिशनरी होऊन जन्मभूमीला परत आला. हेन्री बॅलंटाईन तीस वर्षांच्या कामानंतर आजारी होऊन १८६५ मध्ये निघाले, तेही प्रवासातच गेले. वाफेच्या बोटी आणि सुएझ कालवा आल्यावर प्रवास सोपा झाला, परंतु या घराण्यांच्या आठवणीत ‘घरी जाणे’ सुखाचे नव्हते. मुलांना दहा-बारा वर्षांची झाली की शिक्षणासाठी दूर पाठवावे लागे, आणि ती परत येत ती बहुधा मिशनरी म्हणूनच. ह्यूमसाहेबांचे बंधू एडवर्ड यांनी पत्नीसह मुंबईत भायखळ्याला शाळा चालवली. या बंधूंच्या मुलांपैकी नगरला जन्मलेले धाकटे एडवर्ड चीनमध्ये डॉक्टर झाले आणि रॉबर्ट अर्नेस्ट उपनिषदांचे भाषांतरकार म्हणून नावाजले. असे सर्व नातेवाईक पृथ्वीवर विखुरलेले असताना वयाच्या सत्तराव्या वर्षी अमेरिकेतील न्यू हेवनला जाऊन काय करायचे, हा प्रश्न खरा होता.

दुसरे कारण दुष्काळाचे. १८९६–९७ आणि त्यापाठोपाठ १८९९–१९०० च्या दुष्काळांनी नगर जिल्हा पिचून गेला, शिवाय प्लेग होताच. या काळात नगर, शिरूर, राहुरी, वडाळा येथील बोर्डिंगांत अनाथ मुले मोठ्या संख्येने आली. ह्यूमसाहेबांना १९०१ मध्ये सरकारकडून कैसर-ए-हिंद पदक मिळाले ते या मदतकार्याबद्दल. पदकाची हकीकत छापलेली आहे. पण दुष्काळ संपल्यावर ही मुले कोठे जाणार होती? त्यांना शिकवणे, हातमाग किंवा सुतारकाम यांसारखा धंदा देणे, त्यांची लग्ने लावणे, त्यांच्या पहिल्या बाळंतपणाला कोणी तरी असणे, हे काम पुढची पंधरा-वीस वर्षे चालले, आणि त्या मुलांच्या लेखी आईबाप म्हणजे हे जोडपेच होते. आपले पणजोबा कोणत्या वर्षी आवारात आले हे आपण लिहिलेले नाही. परंतु ते १९०० च्या आगेमागे लहानपणी एकटेच आलेले असतील, तर ‘म्हातारे साहेब आणि मडमसाहेब’ यांचे त्यांच्या आयुष्यातील स्थान आपल्याला यावरून कळेल.

तिसरे कारण मात्र तितके गौरवाचे नाही, आणि ते टाळून चित्र पूर्ण होणार नाही. माणसांना सोडवत नाही तसे अधिकारही सोडवत नाहीत. नगरच्या मंडळ्यांना हरिपंत खिस्ती आणि रामकृष्णपंत मोडक यांच्यासारखे भारतीय पाळक (चर्चचे धर्मगुरू) १८५० च्या दशकातच मिळाले होते. ह्यूमसाहेबांनी स्वतः १८७८ मध्ये धर्मशिक्षणाची शाळा काढली ती भारतीय पाळक तयार व्हावेत म्हणूनच. असे असूनही पैशाच्या किल्ल्या, नेमणुका आणि शेवटचा शब्द बंगल्यावरच राहिला. उपदेशपीठावर मराठी पाळक आणि पुढच्या बाकावर वृद्ध साहेब, असे रविवारचे दृश्य असले तरी उपासना संपल्यावर माणसे कोणाभोवती जमतात, हे पाळकांना दिसत असेच. व्हरांड्यावरची ‘मायबाप’ ही हाक ऐकायला गोड होती, पण ती हाक मारणारे लोक पन्नाशी गाठलेले गृहस्थ होते. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेऊन नगरच्या मिशनमध्ये अनेक वर्षे काम केलेल्या नारायण वामन टिळकांनी १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून संन्यास घेतला आणि ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा बंधुसंघ उभा केला, त्यामागे त्यांची आध्यात्मिक ओढ होतीच. तरी भारतीय ख्रिस्ती माणसाने परक्यांच्या पगारावर आणि परक्यांच्या छायेत किती काळ राहायचे, हा प्रश्नही त्यामागे होता असे मला वाटते. व्यक्ती म्हणून ही वृद्ध जोडपी प्रेमळ होती आणि संस्था म्हणून त्यांचे दीर्घ वास्तव्य जड झाले होते, ही दोन्ही विधाने मी एकाच वेळी खरी मानतो. कागदपत्रांत त्या दोन्हींचा पुरावा आहे.

ह्यूमसाहेब १९२६ मध्ये निवृत्त होऊन अमेरिकेला गेले आणि १९२९ मध्ये वारले. एखादे जुने जोडपे गेल्यावर ठाण्यावर काय बदल होई, हे अहवाल ओळीने वाचले म्हणजे ध्यानात येते. बोर्डिंगला पगारी अधीक्षक नेमावा लागतो, बायबलबायांच्या वर्गासाठी स्वतंत्र मिससाहेब मागवाव्या लागतात, देणगीदारांच्या पत्रांसाठी कारकून ठेवावा लागतो, आणि व्हरांड्यावरील भेटींची वेळ ठरवून तशी पाटी लावावी लागते. साहेबांच्या जागी साहेब येतो. बाकीच्या सर्व नव्या जागा, ज्यांच्या नावाने पूर्वी एक पैसाही खर्ची पडत नव्हता, त्या मडमसाहेबांच्या कामातून निघालेल्या असतात.

आपल्या घरी जुने कागद असतील तर त्यांत बंगल्यावरून मिळालेली एखादी चिठ्ठी, शाळेचा दाखला किंवा शिफारसपत्र सापडण्याची बरीच शक्यता आहे. ते हाती आले तर खालची सही आणि वरच्या मजकुराचे अक्षर वेगवेगळे पाहा. सही साहेबांची आणि अक्षर दुसऱ्या कोणाचे असेल, तर ते मडमसाहेबांचे असण्याचा संभव मोठा आहे, आणि त्या नमुन्यावरून बोर्डाच्या दप्तरातील तिची पत्रे ओळखता येतील. हे दप्तर आज हार्वर्ड विद्यापीठाच्या हॉटन ग्रंथालयात आहे. बाप्तिस्म्याची आणि लग्नाची नोंद मात्र नगरच्याच मंडळीच्या नोंदवहीत मिळेल; तेथील पाळकांना भेटताना पणजोबांचे आवारातले नाव आणि घरातले नाव, दोन्ही सोबत न्या.